लिफ्टशेजारचा रोमन देव

सरकारी दप्तरात माझ्या नावापुढे 'पुजारी' असं लिहिलेलं आहे. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तसा मी विमा कंपनीत दावे तपासतो. लोक आपली गाडी कशी आपटली, घरात पाणी कसं शिरलं हे कळकळीने लिहून पाठवतात आणि त्यातलं खोटं कुठलं ते मी शोधून काढतो. अशा माणसाचा देवाधर्माशी फारसा संबंध येत नाही. इमारतीत मी नास्तिक म्हणूनच ओळखला जायचो. नवीन भाडेकरू आला की आठवडाभरात त्याला जिन्यात गाठून मी स्वतःच ती ओळख करून देत असे.

तर नाण्याची गोष्ट. जुनी नाणी जमवणाऱ्यांचं आमच्या शहरात एक मंडळ आहे. त्यातले पूर्ण सभासद टेबलाभोवती बसतात आणि सहयोगी सभासद भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर. पूर्ण सभासद नाणं हातात घेतात, सहयोगी सभासदांनी ते लांबून बघायचं आणि 'वा' म्हणायचं. मी बरीच वर्षं 'वा' म्हणत होतो. टेबलाशी बसायचं तर मंडळाची एक अट होती. ज्यावर रोमन देव आहे असं एक अस्सल नाणं आणायचं, आणि तो देव आधी कोणी आणलेला नसावा. युद्धाचा देव, समुद्राचा देव, व्यापाराचा देव केव्हाच गेले होते. दारूचा देव तर तिघांना एकाच वेळी हवा होता आणि त्यावरून मंडळ फुटायची वेळ आली होती.

शोधता शोधता मला एक बिनमालकीचा देव सापडला. चांगल्या निकालाचा देव. रोमन लोकांनी प्रत्येक कामाला वेगळा देव नेमलेला होता, आमच्या कंपनीत प्रत्येक कामाला वेगळा उपव्यवस्थापक असतो तसा. पेरलेलं नीट उगवावं एवढंच याचं मूळ काम. पुढे बढती मिळत मिळत कुठल्याही गोष्टीचा शेवट गोड करण्याचं खातं याच्याकडे आलं. त्याचं लॅटिन नाव मी इथे लिहीत नाही. ते ऑफिसात एकदा उच्चारलं होतं तर लोक बोनस कधी मिळणार म्हणून विचारायला लागले.

परदेशातल्या एका दुकानदाराकडून मी नाणं मागवलं. चांदीचं, कोटाच्या बटणाएवढं. त्याने पाठवलेल्या फोटोत एका बाजूला जाड मानेच्या कुठल्याशा सम्राटाचं डोकं, दुसऱ्या बाजूला देव. उभा, सडपातळ, एका हातात थाळी आणि दुसऱ्या हातात कणसं. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांना मी लगेच फोन केला. पुढच्या बैठकीला आणा, खरं निघालं तर खुर्ची टेबलाशी लावू, असं ते म्हणाले. त्या रात्री मी टेबलाशी बसून सहयोगी सभासदांकडे कसं बघायचं याचा आरशात सराव केला. काही दिवसांनी कळलं की पाकीट कस्टम्सच्या कचेरीत अडकलं आहे.

खिडकीमागचा कारकून पाकीट कानाशी धरून हलवत होता.

"यात काय आहे?"

"नाणं."

"म्हणजे चलन. चलन असं पाकिटातून येत नाही. बँकेचं पत्र लागेल."

"अहो, हे आता कुठे चालत नाही. रोमन आहे."

"मग चालत नाही असं त्या सरकारचं पत्र आणा."

"ते सरकार बुडालं."

"कधी?"

मी अंदाजे शतक सांगितलं. त्याने मान डोलावली आणि बुडाल्याचा दाखला आणायला सांगितला. मी राग गिळला आणि ही पुरातन वस्तू आहे असं समजावलं. त्यावर त्याचा चेहरा आणखी प्रसन्न झाला. पुरातन वस्तू तज्ज्ञांची समिती तपासते, पण समितीतले तज्ज्ञ निवृत्त झाले होते, आणि नवीन तज्ज्ञ नेमायचा तर तो योग्य आहे की नाही हे सांगायला समितीत एक तज्ज्ञ लागत होता.

"मग कधी होईल?"

"सांगता येत नाही. एक गृहस्थ बरीच वर्षं चकरा मारत होते. हल्ली त्यांचा मुलगा येतो."

मी वळणार एवढ्यात त्याने विचारलं, "नाण्यावर चित्र कशाचं आहे?"

"देवाचं."

"मग आधी नाही का सांगायचं?" त्याच्या आवाजात पहिल्यांदाच माणुसकी आली. "पूजेच्या वस्तूला काही लागत नाही. आत्ता सोडतो. पूजा होते ना?"

इथे तत्त्वनिष्ठ माणसाने काय करायला हवं होतं हे मला चांगलं ठाऊक आहे, वाचकांनी शिकवू नये. पण मंडळाची बैठक जवळ आली होती आणि पाकीट माझ्यापासून हातभर अंतरावर होतं.

"होते," मी म्हणालो.

"रोज?"

"रोज."

"कोण करतं?"

रांगेतला मागचा माणूस घसा खाकरत होता. "मी," मी म्हणालो आणि तो दाखवेल तिथे सही केली. दिवसभर लोकांच्या थापा पकडणारा मी, पण स्वतः थाप मारताना किती मोकळं वाटतं हे मला तेव्हा कळलं. पाकीट देताना कारकून म्हणाला, "अधूनमधून येऊन बघतो आम्ही. पूजा बंद दिसली तर वस्तू जप्त होते, पुजारीसाहेब."

बायको शाळेत गणित शिकवते. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"पुजारी?" ती म्हणाली. "तुम्ही?"

"फक्त कागदावर गं."

"गेल्या महिन्यात सेक्रेटरींना जिन्यात अडवून देव नाही म्हणून पटवत होतात. बिचाऱ्यांच्या हातात दुधाच्या पिशव्या होत्या."

"हा देव वेगळा. याला आता कोणीच मानत नाही."

"तर मग तुमचं दोघांचं चांगलं जमेल," ती म्हणाली आणि पेपर तपासायला बसली.

मी पुस्तकांच्या कपाटातला एक कप्पा रिकामा केला, नाणं आगपेटीला टेकवून उभं केलं आणि पुढे एक फूल ठेवलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण तपासणीची धाकधूक होती, म्हणून मी तळमजल्यावरच्या वकीलसाहेबांचा सल्ला घेतला. ते शेजाऱ्यांना सल्ला फुकट देतात. त्यांना पैसे मोजून ज्यांनी सल्ला घेतला त्यांचं पुढे काय झालं हे इमारतीत सगळ्यांना माहीत आहे, पण फुकट म्हटलं की माझी विवेकबुद्धी जरा सैल होते.

"एकटा माणूस घरात करतो ती पूजा नव्हे, ती सवय," वकीलसाहेब म्हणाले. "उद्या कोणी विचारलं तर टिकणार नाही. बाहेरचे भाविक पाहिजेत. थांबा, सेक्रेटरींना पाठवतो."

इमारतीचे सेक्रेटरी आले ते चेहऱ्यावर विजय घेऊनच. "मला माहीतच होतं," माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले. "वय झालं की माणूस वळणावर येतो. लाजायचं नाही त्यात." मी त्यांच्यापेक्षा वयाने लहान आहे, हे नमूद करतो. त्यांनी या देवाकडे कुठलं काम असतं ते विचारलं. मी चांगल्या निकालाचं सांगितलं. तेव्हा आमची लिफ्ट इतके दिवस बंद होती की इमारतीतली लहान मुलं तिला कपाट समजत. दुरुस्तीच्या परवानगीची फाइल कुठल्याशा कचेरीत झोपली होती. सेक्रेटरींनी नाण्यापुढे हात जोडले आणि लिफ्टची सगळी हकिगत, ठेकेदाराच्या स्वभावासकट, देवाला सांगितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी परवानगी आली आणि दोन दिवसांत लिफ्ट चालू झाली.

तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचे भाऊ त्या कचेरीत साहेब आहेत आणि ताईंनी त्यांच्या मागे लागून, भांडून ती फाइल हलवली होती. हे मला खुद्द ताईंनीच सांगितलं. पण सांगताना त्याही आमच्या कपाटापुढे हात जोडून उभ्या होत्या. "भावाला बुद्धी कोणी दिली?" असं त्यांचं म्हणणं पडलं. मी वाद घालायला तोंड उघडलं तर बायकोने लांबून मानेनेच नाही म्हटलं. पुजाऱ्याने असला वाद घातला आणि तो कोणाच्या कानावर गेला तर नाणं जायचं.

मग काय, रीघ लागली. ज्याचा निकाल लागायचा होता तो प्रत्येक जण आमच्या घरी. कोणाची परीक्षा, कोणाचा रक्ताचा अहवाल, कोणाचा कोर्टातला खटला. चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी आमच्याच कंपनीत गाडीचा दावा लावला होता आणि तो नेमका माझ्या टेबलावर होता. त्यांनी डोळे मिटून देवाला साकडं घातलं, मग डोळे उघडून बराच वेळ माझ्याकडे बघितलं. दावा शंभर टक्के खोटा होता. गाडी झाडावर आपटली म्हणत होते त्या जागी झाडच नव्हतं. मी तो नामंजूर केला. त्यानंतर इमारतीत असं मत पडलं की देव चांगला आहे, पुजारी आडवा येतो.

आणखी एक भानगड व्हायला लागली. मी ऑफिसला जाताना देवाची बाजू पुढे करून जायचो. संध्याकाळी येऊन बघावं तर सम्राट पुढे आलेला. मी परत उलटं करायचो, दुसऱ्या दिवशी परत सम्राट. शेवटी ताईंना विचारलं.

"अहो, हा दिसतो तरी नीट," त्या म्हणाल्या. "केवढा रुबाबदार आहे. तो मागचा काडीपहिलवान, हातात ताट घेऊन उभा. वाढपी वाटतो."

"ताई, तो देव आहे. हा राजा आहे. याने लोकांवर कर बसवले, लढाया केल्या, स्वतःचं डोकं नाण्यावर छापून घेतलं."

"मग? काहीतरी असल्याशिवाय का छापलं?"

तिथेच बसलेल्या वकीलसाहेबांकडे मी मदतीच्या आशेने पाहिलं. ते म्हणाले की शंका असेल तेव्हा मोठ्या चेहऱ्याच्या बाजूने निकाल देण्याचा प्रघात आहे.

मंडळाच्या बैठकीच्या दिवशी मी नाणं डबीत घालून निघालो, तर लिफ्टच्या दारात सेक्रेटरी.

"देव कुठे निघाले?"

"मंडळात. जरा दाखवून आणतो."

"आणि मागे तपासणी आली तर? देव जागेवर नाही म्हणजे पूजा बंद. जप्त करतील. माझ्या नातवाचा निकाल लागायचाय अजून."

बघता बघता जिन्यात माणसं जमली. कोणी मला अडवलं नाही, पण कोणी वाटही दिली नाही. मी परत वर गेलो आणि अध्यक्षांना फोन केला. नाणं घराबाहेर काढता येत नाही, तुम्हीच येता का, असं विचारलं. अध्यक्ष सहसा कोणाकडे जात नाहीत, दाढ दुखली तरी माणसानेच त्यांच्याकडे जायचं असतं. पण या देवाचं नाणं त्यांनीही हातात धरलेलं नव्हतं. रविवारी सकाळी येतो म्हणाले. नाणं खरं असेल तर सभासदत्वाचं तिथल्या तिथे सांगतो, असंही म्हणाले. माझ्या जिवात जीव आला.

इकडे बायकोचा संयम संपत आला होता. तिला पेपर तपासायला जागा उरली नव्हती. कोणी येऊन सोफ्यावर डुलक्या काढत होतं, कोणी पाणी मागत होतं, आणि एका बाईंनी तर तपासलेल्या पेपरांवर ओली फुलं ठेवली होती. ज्या मुलाच्या पेपरावर ती पडली त्याची शाई पसरली आणि बायकोला त्याला संशयाचा फायदा द्यावा लागला. असा फायदा तिने आजवर मलासुद्धा दिलेला नाही. ती तडक इमारतीच्या सभेला गेली आणि देव खाली, लिफ्टशेजारच्या भिंतीत हलवावा असा ठराव मांडला. वकीलसाहेब म्हणाले, सार्वजनिक जागा म्हणजे पुरावा भक्कम. मीही रविवारचा विचार करून तयार झालो, फक्त एक अट घातली. काचेची पेटी, तिला कुलूप, आणि किल्ली माझ्याकडे. माझी अट नोंदवून घेण्यात आली. नोंदवून घेणं आणि पाळणं यातला फरक दाव्यांच्या खात्यात मी स्वतः लोकांना समजावत असतो.

शनिवारी ऑफिसमधून आलो तेव्हा गवंडी बादलीत हात धूत होता. भिंतीत छान गोल कोनाडा केलेला, वर दिवा, आणि कोनाड्याच्या मधोमध गुळगुळीत सिमेंटमध्ये घट्ट बसवलेलं माझं नाणं. सम्राटाची बाजू बाहेर.

"हे उलटं बसवलंय," मला एवढंच बोलता आलं.

"सरळ आहे साहेब. नाक वर आहे ना."

"अहो, देव मागच्या बाजूला होता."

"मागच्या बाजूला आता सिमेंट आहे."

"काढता येईल?"

त्याने भिंतीवर टकटक केलं. "भिंत काढता येईल. नाण्याचं सांगता येत नाही."

मी सेक्रेटरींकडे धाव घेतली. ते शांतपणे म्हणाले, "पेटी कोणी पळवली असती म्हणजे? आणि लिफ्ट चालू झाली तेव्हा आम्ही कोणाकडे बघत होतो? यांच्याकडेच ना? मग काम यांनीच केलं." या युक्तिवादातली चूक मला दिसत होती, पण ती दाखवायला इमारतीत ऐकणारं कोणी नव्हतं. मी लिफ्टच्या बाहेर पायरीवर बसलो. खरं सांगतो, मला रडू येत होतं. इतकी वर्षं भिंतीशी बसून ज्या एका नाण्याची वाट बघितली ते मी घरात आणलं आणि भिंतीत घालवलं. बायको खाली येऊन शेजारी बसली. तिला माझी दया आली असावी, कारण तिने एकही टोमणा मारला नाही, आणि त्यामुळे मला अधिकच वाईट वाटलं.

रविवारी अध्यक्ष आले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात भिंग. त्यांनी कोनाड्यात डोकं घातलं आणि मन लावून पाहिलं.

"नाणं अस्सल आहे," ते म्हणाले. "पण हा तर सम्राट."

"देव पलीकडे आहे, डॉक्टरसाहेब. शपथेवर सांगतो."

"पलीकडचं मी कसं सांगू? एक्स-रे काढल्याशिवाय मी दाढेबद्दलही बोलत नाही. पण तुमच्याकडे दुकानदाराने पाठवलेला फोटो असेल. तुम्ही मला नीट समजावून सांगा, कुठली बाजू कोणाची. माणसाला आपलं नाणं कळतंय एवढी खात्री झाली तर मी अडवणार नाही."

मी फोटो काढायला खिशात हात घातला आणि फाटकातून कस्टम्सचा कारकून आत आला. सेक्रेटरी लगबगीने पुढे गेले, ताई पुढे गेल्या, लिफ्टमधून भराभर माणसं उतरली. कारकुनाने कोनाडा पाहिला, दिवा पाहिला, ताजी फुलं पाहिली आणि समाधानाने मान हलवली. मग तोही वाकला आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"हा राजा दिसतोय," तो म्हणाला. "राजाचं डोकं म्हणजे चलन. चलन असेल तर मला ताब्यात घ्यावं लागेल."

"भिंतीतून?" सेक्रेटरींनी विचारलं.

"लागेल तेवढ्या भिंतीसकट." तो माझ्याकडे वळला. "पुजारीसाहेब, तुम्ही रोज पूजा करता असं लिहून दिलंय. देव पलीकडच्या बाजूला वगैरे असेल तर ती बाजू सिमेंटात आहे. म्हणजे त्याची पूजा होत नाही. तेव्हा विचार करून सांगा. हा जो समोर आहे, हा कोण?"

सगळी इमारत माझ्याकडे बघत होती. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ तर पुढे सरकून बघत होते. अध्यक्षांच्या हातात भिंग तसंच होतं आणि त्यांचं उत्तराकडे लक्ष होतं. फोटो माझ्या खिशात होता. तो बाहेर काढला असता तर टेबलाशी खुर्ची मिळाली असती आणि पहारीने भिंत फोडून नाणं जप्त झालं असतं. मी बायकोकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

"हा देव," मी म्हणालो आणि जाड मानेकडे बोट दाखवलं.

लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. कारकुनाने तसं लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. पेन बंद करून त्याने हळूच विचारलं, "बदलीचं काम होतं का यांच्याकडून?" सगळे एका सुरात होतं म्हणाले, आणि तो बूट काढून कोनाड्यापुढे उभा राहिला.

अध्यक्षांनी भिंग पुसलं आणि खिशात ठेवलं. मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेलो. दात काढावा लागेल हे सांगताना ते जो आवाज लावतात त्याच आवाजात म्हणाले, "देव कुठला आणि सम्राट कुठला हे ज्याला ओळखता येत नाही, त्याला टेबलाशी कसं बसवायचं? राग मानू नका. लांबून बघत चला." ते गेले. फोटो मी खिशातच राहू दिला, कारण मागे कारकून अजून उभा होता.

आता रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी खाली उतरून कोनाडा पुसतो, फूल ठेवतो, दिवा लावतो. उशीर झाला की सेक्रेटरी घड्याळ दाखवतात, लोक खोळंबतात म्हणतात. जाड मानेचा सम्राट सगळ्यांचे नमस्कार घेत असतो. देव त्याच्या पाठीमागे, सिमेंटात तोंड खुपसून, हातात थाळी घेऊन उभा आहे. या इमारतीत हे नक्की माहीत असलेला माणूस मी एकटा आहे, आणि मी सहीनिशी उलटं सांगितलेलं आहे.